काकाजींनी न केलेला फाऊल

वामन लहानूजी रामटेके यांना एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं फसवलं. रामटेक्यांनी कंपनीला फसवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण इंटरनेटवर आजही उलटं लिहिलेलं आहे, लाल अक्षरांत, आणि ते खोडायला कोणी तयार नाही. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला माहीत आहे ती कोण ते.

मी नागपूरच्या मनीषनगरात जुने कॉम्प्युटर विकते. ऑफिसं नवी यंत्रं घेतात तेव्हा जुनी लिलावात निघतात. मी ती ढिगानं उचलते, उघडते, पुसते, चालती करते आणि विकते. सुरुवात बर्डीच्या फुटपाथवर मोबाइलची कव्हरं विकण्यापासून केली, त्यामुळे भाव करण्यात मला सहसा कोणी हरवत नाही. तोंडही तिथेच तयार झालं. गिऱ्हाईक किती बोलतं आणि कुठे गप्प होतं यावरून मी त्याचा शेवटचा भाव ओळखते. काकाजी, म्हणजे हेच रामटेके, मात्र मला पहिल्या दिवसापासून ओळखता आले नाहीत.

ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन आणि गळ्यात चष्म्याची दोरी. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन, कॉलनीतलं क्वार्टर सोडून, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. त्यांनी एक कॉम्प्युटर निवडला, मी भाव सांगितला, त्यांनी पाडून मागितला, मी थोडी चिडले, ते थोडे हसले, सौदा झाला. दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तर दारात उभे. मी मनात म्हटलं, आला परत करायला.

"बाई, एक सांगायचं राहूनच गेलं," ते म्हणाले. "काल तू आतमध्ये गेली होती, तेव्हा तो माऊस माह्या हातून खाली पडला. उद्या बिघडला तर मी तुह्याशी भांडायले येणार नाही. फाऊल माझा."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या सगळ्या युक्त्या पाहिल्या आहेत. ही नवीन होती. मी हाताची घडी घालून युक्तीचा दुसरा भाग कधी येतो त्याची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. ते पानाच्या ठेल्यावरून वर्तमानपत्र घेऊन घरी निघून गेले. अशा माणसाशी भाव कसा करायचा? स्वतःच्या विरुद्ध बोलणाऱ्यासमोर आपली सगळी हत्यारं बोथट होतात. मला त्या दिवशी त्यांचा थोडा रागच आला.

ही सवय कोराडीची. कॉलनीच्या क्लबात ते कॅरम खेळत आणि सामन्यांना पंच म्हणून बसत. त्या क्लबात कॅरम बोर्डावरची बोरिक पावडर संपली की कोणीतरी हमखास ओरडायचं, "खिडकी उघडा रे, चिमणीची राख येऊ द्या!" एकदा दुहेरीच्या अंतिम सामन्यात काकाजींच्या बाहीचं बटण एका सोंगटीला लागलं आणि ती केसभर हलली. कोणी पाहिलं नाही. काकाजींनी बोट वर केलं. "फाऊल. माझा." सामना तिथेच फिरला. त्यांचा जोडीदार वरच्याच मजल्यावर राहायचा. तो म्हणाला, "अबे वामन, पाह्यलं कोनं?"

"मी पाह्यलं ना बे," काकाजी म्हणाले.

जोडीदार पुढे बरेच दिवस जिन्यात भेटला तरी भिंतीकडे तोंड करून चढायचा. ही गोष्ट मला सुमनकाकूंनी सांगितली, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आणि सांगतानाही त्यांच्या आवाजात त्या हुकलेल्या कपाची चुटपुट होती. "तो कप टीव्हीवर किती शोभला असता वं," त्या म्हणाल्या.

दुसरी गोष्ट त्यांच्या नावाची. पहिल्या दिवशी पावतीवर मी नुसतं "रामटेके" लिहिलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या हातातून पावती घेतली आणि पुढे-मागे भरून पूर्ण केलं: वामन लहानूजी रामटेके, कोराडी.

"कोराडी कशाला काकाजी? आता तर तुम्ही इथलेच."

"राहून इथं राहिलो. आहो कोराडीचा." मग म्हणाले, "माह्या बापाले गावात लहान्या म्हणत. केस पांढरे झाले तरी लहान्या. पोट्टेही लहान्याच म्हणत. तो दीक्षा घेऊन गावात परत आला, अन् दारावर खडूनं लिहिलं, लहानूजी. स्वतःच लिहिलं. मी तेव्हा मायच्या कडेवर होतो. तवापासून आमच्या घरी कोणी अर्धं नाव लिहीत नाही."

हे नाव लक्षात ठेवा. सगळं त्याच्यावरच येऊन ठेपतं.

कॉम्प्युटर घेऊन महिनाही झाला नसेल, काकाजी पुन्हा आले. त्यांना एकदा बाजारात चक्कर आली होती आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मुलानं चावी काढून घेतली, पुढे गाडीच विकून टाकली. त्याचं चुकलं असं काकाजी म्हणत नव्हते. पण त्यांना गाडी चालवायची होती. पुण्याला पुतण्याकडे त्यांनी मोटारींच्या शर्यतीचा एक गेम पाहिला होता, ज्यात देशभरातले लोक आपापल्या घरी बसून एकाच रस्त्यावर गाड्या पळवतात.

"त्या गाडीत मले चक्कर आली तर कोणी मरत नाही," ते म्हणाले. "लावून दे."

आता अडचण अशी, की माझी यंत्रं ऑफिसातली. हिशेब करायला आणि पत्रं टाइप करायला बनलेली. तो गेम चालतो नव्या विंडोजवर, आणि ती नवी विंडोज या जुन्या यंत्रावर बसतच नाही. कंपनीच्या यादीत या यंत्राचं नावही नव्हतं. मला कोणी "हे होणार नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी त्यात दुसऱ्या ढिगातलं ग्राफिक्स कार्ड घातलं आणि विंडोजच्या जागी फुकट मिळणारी लिनक्स टाकली. लिनक्सवर एक सोय असते. तिला दुभाषा म्हणा. गेम विंडोजच्या भाषेत काही मागतो, दुभाषा ते लिनक्सला समजावतो आणि उत्तर पुन्हा उलटं करून गेमला देतो. गेमला पत्ताही लागत नाही की तो परक्या घरी जेवायला बसला आहे.

यात कुठलं कुलूप तोडलेलं नाही. चोरीची प्रत नाही. गेम काकाजींनी कंपनीच्याच दुकानातून पूर्ण किमतीला घेतला, मी "सेल लागू द्या" म्हणून कानीकपाळी ओरडत असताना. कंपनीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत एवढंच होतं की इतर यंत्रणांवर गेम चालेल याची हमी नाही. हमी मीही देत नाही. जुना माल आहे, दुकानाबाहेर गेला की तुमचा. पण "हमी नाही" आणि "तू चोर आहेस" या दोन वाक्यांत जो फरक आहे, तो मला फुटपाथवर बसूनही कळत होता. काचेच्या इमारतीत बसून कळू नये?

गेम चालला. एका लिलावात आलेलं स्टिअरिंग आणि पेडल मी त्यांना लावून दिलं. पेडल फरशीवर सरकायचं, म्हणून काकाजींनी ते नायलॉनच्या दोरीनं दिवाणाच्या पायाला बांधलं. शर्यतीला बसताना त्यांचं सगळं वीज केंद्रासारखं चाले. जोडणी झाली की स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे, "सुमन, युनिट सिंक झालं." इंटरनेट गेलं की, "युनिट ट्रिप." काकू आतून म्हणायच्या, "पोळी ट्रिप व्हायच्या आत या."

सुरुवातीला नाव घालायची चौकट आली. मी शेजारीच बसले होते. म्हटलं, काकाजी, इथे कोणी खरं नाव टाकत नाही. एखादं टोपणनाव घ्या.

"काहून? मी लपून खेळून राहिलो का?"

आणि त्यांनी एकेका बोटानं पूर्ण नाव टाकलं. कोराडी मावेना, तर ते संघाच्या नावाच्या चौकटीत टाकलं. त्या संघात ते एकटेच. शर्यतीच्या यादीत तुफान, शैतान, किंग, डेंजर अशी नावं एकाखाली एक, आणि मध्येच वामन लहानूजी रामटेके, कोराडी. जणू कोणी लग्नपत्रिका आणून चिकटवली आहे. त्या यादीकडे पाहून मी पोट धरून हसले होते. आता ती यादी पाहिली की हात शिवशिवतात.

चालवायचे कसे? सांभाळून. कंट्रोल रूममधला माणूस, वेगापेक्षा काट्याकडे लक्ष. नंबर कायम मधला. पण एक गोष्ट ते करायचे, जी त्या गेममध्ये कोणी करत नाही. आपल्या गाडीचा धक्का लागून कोणाची गाडी रस्त्याबाहेर गेली, की ते आपली गाडी बाजूला घेऊन थांबत. धक्का बसलेला परत रस्त्यावर येऊन पुढे निघाला की मगच स्वतः निघत. मागून सगळ्या गाड्या सूं सूं करत निघून जात. गेमच्या नियमात असं थांबायला कुठेही सांगितलेलं नाही. पहिल्यांदा लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं इंटरनेट गेलं. तुफान नावानं खेळणारा एक गोंदियाचा गडी होता, तिथे त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यानं विचारलं, "काकाजी, रुक क्यूं गये?"

काकाजींनी लिहिलं, "फाऊल मेरा था."

काही दिवसांनी तुफानही धक्का दिला की थांबायला लागला. मग आणखी दोघे-तिघे. नागपूर, गोंदिया, रायपूर, भोपाळ अशा ठिकाणच्या या हौशी लोकांनी आपली एक लीग काढली, मोबाइलवर तिचा ग्रुप केला, आणि धक्काबुक्कीचे वाद सोडवायला एक पंच नेमायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी एकच नाव घेतलं. काकाजींनी त्या दिवशी दुकानात येऊन मला संत्राबर्फी दिली. चेहरा असा, जणू पुन्हा क्लबाच्या खुर्चीत बसायला बोलावलं आहे. "शिट्टी घेऊ का वं एक?" म्हणाले. घरात बसून शिट्टी कोण ऐकणार, पण मी नाही म्हटलं नाही.

पंच म्हणून त्यांचा एकच प्रश्न असे: "आधी कोणता दिवा लागला?" वीज केंद्रात युनिट बंद पडलं की पॅनलवर एकदम पुष्कळ दिवे लागतात. सगळे खरे असतात, पण दोष सांगतो तो पहिला. बाकीचे त्याच्यामुळे लागलेले. काकाजी घरातल्या भांडणालाही हेच लावत, तापालाही हेच. लीगमध्ये दोघं कचकचून भांडायला लागले की ते चित्रण मागे नेत, जिथे पहिली चूक झाली तिथे आणून थांबवत आणि म्हणत, "हा पहिला दिवा." वाद संपे. कोणी त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केल्याचं मला आठवत नाही.

आणि मग कंपनीनं गेममध्ये पहारेकरी बसवला, म्हणजे लबाडी धरणारा एक प्रोग्राम.

लबाडी करणारे असतात, हे मला मान्य आहे. ते गाडीचा वेग चोरून वाढवतात, दुसऱ्याची गाडी अडकवतात. त्यांना धरा, मी दुकान बंद करून टाळ्या वाजवायला येईन. पण हा पहारेकरी काय पाहत होता? गेम आणि यंत्र यांच्या मध्ये कोणी उभं आहे का, एवढंच. काकाजींच्या यंत्रात दुभाषा उभा होता. पहारेकऱ्याला दुभाषा आणि दरोडेखोर यांतला फरक शिकवलेला नव्हता. एका सकाळी काकाजींनी गेम सुरू केला आणि पडद्यावर मजकूर आला: फसवणुकीमुळे हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. कंपनी एवढ्यावर थांबली नाही. कंपनी बंदी घातलेल्यांची नावं सगळ्यांना दिसतील अशी लावते, लाल अक्षरांत, पुढे "फसवणूक" लिहून. डेंजर आणि शैतान नावाच्या लोकांना त्यानं काय फरक पडतो? ते उद्या भूत नावानं परत येतील. तिथे एकच खरं नाव होतं. बापाच्या नावासकट. गावासकट.

काकूंनी मला फोन केला. मी गेले तर काकाजी त्याच दिवाणावर बसलेले, पेडलची दोरी पायाशी. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आधी कोणता दिवा लागला ते पाहून दे मले. मी काही चुकीचं दाबलं का?"

मी पाहिलं. सगळं तपासलं. त्यांनी काहीही चुकीचं दाबलेलं नव्हतं. माझ्या तोंडून कंपनीच्या सगळ्या खानदानाचा उद्धार झाला. काकू म्हणाल्या, "हळू वं, खाली सोसायटीची मीटिंग चालू आहे."

लीगच्या ग्रुपवर तुफाननं लिहिलं होतं: "काकाजी, आप भी?"

तीन शब्द. काकाजींनी तो फोन हातात धरून ठेवला, मग उलटा करून उशीवर ठेवला. मी ग्रुपवर उत्तर लिहायला बसले, आणि मी लिहायला बसले म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. काहींना पटलं, काहींनी हसणारी चित्रं टाकली. काकाजींनी मला थांबवलं. "तू इतकी ओरडून राहिली की मलेच वाटायला लागलं, आपण काही केलं का म्हून."

"मग तुम्ही लिहा! दोन ओळी लिहा, की मी नाही केलं."

"चोरही तेच लिहिते. मी नाही केलं म्हून मी काहून सांगू? मी काय केलं ते त्यायनं दाखवावं."

आणि त्यांनी ग्रुपवर लिहिलं ते असं: ज्याच्यावर आरोप आहे त्यानं निकाल देऊ नये, म्हणून मी पंचपद सोडतो. कोणी मागितलं नव्हतं. लीगमध्ये एकानंही "राहा" म्हटलं नाही, हे मी त्या सगळ्यांच्या नावावर मांडून ठेवलं आहे.

मग सुरू झाला पत्रव्यवहार. मी इंग्रजीत लिहायचे, काकाजी शेजारी बसून एकेक वाक्य मंजूर करायचे. आम्ही विचारलं, नेमकं काय केलं? उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव तपशील देता येत नाही. आम्ही लिहिलं, दुभाष्यामुळे गैरसमज झाला असेल तर तपासा. उत्तर आलं, तेच. अक्षर न अक्षर तेच. खाली सही, ग्राहक सेवा पथक. मी आयुष्यभर माणसांशी भाव केला. समोर माणूस असला की तो चिडतो, लाजतो, चहा मागवतो, कुठेतरी फट सापडते. या पथकात माणूसच सापडेना. भिंतीशी घासाघीस कशी करायची?

शेवटी त्यांच्याकडून एक अर्ज आला. फेरविचाराचा. त्यात पहिलीच चौकट होती: मी नियमभंग केल्याचे मान्य करतो आणि पुन्हा करणार नाही. तिथे टिक केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. मी माहिती काढली. टिक करणाऱ्यांची बंदी काही महिन्यांत उठते आणि नाव यादीतून निघतं. मला हायसं वाटलं. सापडली फट! धावतच फ्लॅटवर गेले.

"काकाजी, एक टिक करायची. काम झालं."

त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचून घेतली. मराठीत सांग म्हणाले. मी सांगितली.

"मी नियमभंग केल्याचं मान्य करू?"

"अहो, मान्य कुठे करायचं आहे! ही नुसती अट आहे. सौद्यात म्हणतात तसं म्हणायचं. मी नाही का गिऱ्हाइकाला सांगत, या भावात मी मरते म्हणून? मरते का?"

"तू नाही मरत. पन गिऱ्हाईकही खरं धरत नाही. इथं तर माहं नाव आहे खाली."

"टिक नाही केली तर नाव कायमचं लाल राहील!"

"राहू दे."

"काकाजी, तुम्ही काहून असे करून राहिले? जगभराचे लोक टिक करतात!"

"शोभा," ते म्हणाले. चिडले नव्हते, हेच मला सहन होत नव्हतं. "बटण लागलं तवा कोणी पाह्यलं नव्हतं, तरी मी सांगतलं. सांगतलं का नाही? आता लागलंच नाही, तर लागलं म्हून कसं सांगू? मग माह्या त्या फाऊलले काय किंमत राह्यली?"

मी म्हटलं, तुम्ही दुसरीकडे बघा, मी करते टिक. आणि माऊसकडे हात नेला. काकाजींनी माऊसवर आपला पंजा ठेवला. तोच माऊस, पहिल्या दिवशी त्यांच्या हातून पडलेला. म्हाताऱ्या माणसाचा हात, पण मला तो हलवता आला नाही. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी चहा न घेता, चपला पायात अर्ध्या अडकवून निघाले आणि जिन्यात मोठ्यानं म्हटलं, "मरा मग त्या लाल यादीत!"

मी आजही म्हणते, सौदा म्हणून टिक करणं बरोबर होतं. कोणत्याही शहाण्या माणसानं केलं असतं. पण अर्ज असा का असावा, की निर्दोष माणसानं खोटं बोलल्याशिवाय तो सुटू नये? खरा चोर एक टिक करून बाहेर, आणि ज्यानं काही केलं नाही तो आत. हा कुठला न्याय? ज्या माणसाचा नंबर कधी मधल्या जागेच्या वर गेला नाही, त्यानं फसवणूक करून मिळवलं तरी काय? हरणं?

नंतरही काकाजी दुकानात येत. मी बोलले ते त्यांनी मनात ठेवलं नाही. दिवाणाच्या पायाची दोरी त्यांनी सोडली नव्हती. स्टिअरिंगवर काकूंनी धुतलेला नॅपकिन घातला होता. मी त्यांना दुसरे गेम लावून देते म्हटलं, एकट्यानं खेळायचे, ज्यांना कोणाची परवानगी लागत नाही. त्यांनी एकदोन पाहिले. म्हणाले, "यात धक्का द्यायले कोणी नाही. थांबू कोणासाठी?"

हिवाळ्यात ते गेले. झोपेतून उठून पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. बंदीमुळे गेले असं मी लिहिणार नाही. त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्याबद्दल लिहिताना तरी खोटं नको.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कोराडीहून क्लबातले लोक बसनं आले होते. तो जोडीदारही आला होता, भिंतीकडे तोंड करून जिना चढणारा. तो बोलायला उभा राहिला आणि "त्यानं स्वतःच पाह्यलं होतं" एवढंच म्हणून बसला. मी लीगच्या ग्रुपवर बातमी टाकली होती. तुफान गोंदियाहून आला. पोट सुटलेला, मध्यमवयाचा, हातात शेवंतीचा हार. कार्यक्रम संपल्यावर त्यानं ते यंत्र दाखवा म्हटलं. मी लावून दाखवलं. लिनक्स पाहिली, दोरी पाहिली. त्याला सगळं समजलं. "इतनीसी बात थी?" तो म्हणाला, आणि मग त्या दोरीची गाठच पाहत बसला.

हे सगळं इथेच संपलं असतं, तर मी कदाचित गप्प बसले असते. पण आता ऐका. नंतर बाजारात हातात धरून खेळायचं एक यंत्र आलं. आत काय आहे? लिनक्स. आणि वर तोच दुभाषा. आणि याच कंपनीनं जाहिरात केली: आमचा गेम आता या यंत्रावरही खेळा! पहारेकऱ्याला दुभाष्याची ओळख करून दिली म्हणे. छोटीशी दुरुस्ती. म्हणजे ओळख करून देता येत होती. म्हणजे दोघांतला फरक त्यांना कळत होता, फक्त कळून घ्यायची गरज तेव्हा नव्हती. ज्या गोष्टीसाठी एका माणसाच्या नावावर लाल शाई ओतली, तीच गोष्ट आता ते रंगीत खोक्यात घालून विकतात. माझ्या दुकानात त्या यंत्राचं पोस्टर लावा म्हणून माणूस आला होता. त्याला मी काय सांगितलं ते इथे छापता येणार नाही.

मी पुन्हा लिहिलं. जाहिरात जोडली, काकाजींचं खातं जोडलं, मृत्यूचा दाखला जोडला. म्हटलं, बंदी उठवू नका, गेम परत देऊ नका, खेळणारा माणूस राहिला नाही. फक्त ते नाव यादीतून काढा आणि चूक झाली अशी एक ओळ लिहा. काकूंना दाखवायला. उत्तर आलं: खातेदाराने स्वतः लॉगिन करून अर्ज करावा.

त्या अर्जात आजही तीच चौकट पहिली आहे.

म्हणून मी आता अर्ज करत नाही. जाब मागते. कोणीतरी ती ओळ लिहिली आहे, कोणीतरी ती यादी लाल केली आहे, कोणीतरी रोज ती पाहतं आणि चहा पितं. त्या माणसानं मला उत्तर द्यावं. खाली पथक नको, विभाग नको. आपलं नाव लिहावं, पूर्ण, मध्ये बापाचं नाव आणि शेवटी गावाचं, जसं वामन लहानूजी रामटेके, कोराडी यांनी लिहिलं होतं. आणि मग सांगावं: आधी कोणता दिवा लागला होता?